डॅशबोर्डवरची पिशवी

गाडी सुरू व्हायला जे जे लागतं ते सगळं आमच्या व्हॅनमध्ये होतं. ती फक्त सुरू होत नव्हती.

व्हॅन जुनी, डिझेलची. मी केंद्र सरकारच्या नोकरीत असताना सेकंडहँड घेतली आणि फरीदाबादच्या एका सुताराकडून तिच्यात दोन बाकं, घडीचं टेबल आणि शेगडीचा ओटा करून घेतला. शुभा, म्हणजे माझी बायको, तिला ‘बंगला’ म्हणायची. (खरा बंगला मला कधीच जमला नाही, हे त्यातून सुचवायचं असे.) दर संक्रांतीला आमच्या मराठी मंडळातली सात माणसं या बंगल्यात बसून पानिपतला जायची. लढाईत पडलेल्यांना नमस्कार, मग शेताच्या कडेला गुळाची पोळी, अशी बावीस वर्षांची पद्धत.

गेल्या संक्रांतीनंतर व्हॅन जागची हलली नव्हती. श्रावणात शुभा गेली. मुलगा निखिल बंगळूरला. घरात रेडिओ बोलायचा, पण त्याला उलट प्रश्न विचारलेले चालत नाहीत. म्हणून मी दिवाळीपासून संक्रांतीची वाट बघत होतो. निखिल फोनवर म्हणाला होता, “बाबा, यार, विकून टाका ना तो डब्बा! मंडळवाले मिनीबस करतील.”

“संक्रांतीला सुरू झाली नाही, तर विकतो,” मी म्हणालो.

“पक्का?”

“बिल्कुल!” (बापाने मुलाला कधी लेखी देऊ नये, आणि तोंडी तर मुळीच नाही.)

संक्रांतीच्या सकाळी असं धुकं की समोरचं फाटकसुद्धा अंदाजाने उघडावं लागलं. सातही जण स्वेटर, मफलर, कानटोप्या घालून, डबे घेऊन हजर! मी ऐटीत किल्ली फिरवली. व्हॅनने ‘टक्’ असा आवाज केला आणि गप्प बसली.

“बॅटरी!” रणदिवे म्हणाले. रणदिवे माझे शेजारी, अकाउंट्समधून निवृत्त, त्यामुळे कुठल्याही बिघाडावर त्यांचं मत तयार असतं. त्यांच्या गाडीची बॅटरी काढून आमच्या गाडीत बसवली. आता इंजिन घर्र घर्र घर्र असं जोरात फिरू लागलं, पण पेट घेईना.

“थंडी! डिझेल गोठलं!” रणदिव्यांनी निदान बदललं. मग मार्था वहिनींनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, चहासाठी उकळलेलं पाणी टाकीच्या नळीवर ओतलं. चहा गेला, डिझेल तसंच! रणदिव्यांनी इंजिनच्या हवेच्या तोंडाशी पेटता पेपर धरला. इंजिन पेटलं नाही, रणदिव्यांचा मफलर पेटला! तो विझवताना उरलेलं पाणीही संपलं.

“धक्का मारू या,” कोणीतरी म्हणालं. सहा ज्येष्ठ नागरिक पदर, कोट, गुडघे सांभाळत व्हॅन ढकलू लागले. (सातव्या बाईंनी डबे सांभाळले.) गियरमध्ये टाकून मी क्लच सोडला की व्हॅन एक उडी मारून थांबायची आणि मागे सहाही जण एकमेकांवर आपटायचे. असं तीन वेळा झालं. तिळगूळ हातात होता, पण गोड कोणीच बोलत नव्हतं.

शेवटी मी मार्केटमधून सतपाल उस्ताद मेकॅनिकला घेऊन आलो. तो खरा जाणकार. त्याने मला स्टार्टर मारायला लावला आणि मागे जाऊन सायलेन्सरकडे बघितलं.

“साबजी, धुआँ बिल्कुल नहीं है. मतलब डीज़ल अंदर नहीं जा रहा.”

त्याने हीटर प्लग तपासले, ठीक. फिल्टर बदलला, हातपंप मारून नळीतली हवा काढली. पंपापर्यंत डिझेल धो धो येत होतं. पुढे मात्र थेंब नाही! मग तो केबिनमध्ये डोकावला. डॅशबोर्डच्या मधोमध शुभाची कापडी पिशवी लटकत होती. तिच्यात तिचा जादा चष्मा, रुमाल आणि आवळासुपारी, सगळं ती ठेवून गेली तसंच.

“साबजी, ये झोला ज़रा हटा दूँ? पीछे देखना है.”

“झोले को हाथ मत लगाना!” मी असा ओरडलो की सतपालच्या हातातला पाना पडला. वर्षभरात मी स्वतःही त्या पिशवीला हात लावला नव्हता. ती तिथे असली की शुभा दुकानात काही आणायला उतरली आहे असं वाटायचं.

सतपालने पाना उचलला. “फिर तो पंप ही गया. खोलना पड़ेगा. दस-बारह दिन.”

बारा वाजायला आले होते. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कोणीतरी हळूच मिनीबसचा विषय काढला. मला निखिलला दिलेला शब्द आठवला. गाडी गेली की माझं दार माणसांनी भरायचा वर्षातला हा एक दिवसही जाणार होता. मग मी आणि रेडिओ.

तेवढ्यात थंडीने कुडकुडणाऱ्या मार्था वहिनी पुढच्या सीटवर, शुभाच्या जागी, येऊन बसल्या. पिशवीकडे बघून म्हणाल्या, “भावजी, शुभा निघताना ही मांडीवर घ्यायची ना?”

“घ्यायची.”

“आणि मग तो नॉब आत ढकलायची.”

“आत? तो तर मी बाहेर ओढतो!”

सतपालने कपाळावर हात मारला! त्या गाडीचं इंजिन किल्लीने थांबत नाही. डॅशबोर्डवरचा नॉब बाहेर ओढला की डिझेल तुटतं आणि ते थांबतं. तो ओढायचं काम बावीस वर्षं मी केलं. तो परत आत कोण ढकलतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता! (शुभाशिवाय ही गाडी मी कधी काढलीच नव्हती.) मी ओढायचो, शुभा त्यावर पिशवी अडकवायची. निघताना पिशवी काढायची, नॉब आत ढकलायची आणि मग मी ऐटीत किल्ली फिरवायचो.

पिशवी मीच काढली आणि मांडीवर घेतली. मग नॉब आत ढकलला आणि किल्ली फिरवली. काळा धूर सोडत बंगला गरजला! सातही जण टाळ्या वाजवत आत घुसले आणि मी डोळे पुसले. (धूर फार होता.)

दुपार कलताना पानिपतला पोचलो. नमस्कार झाला, पोळ्या झाल्या, उन्हं उतरायच्या आत परत निघायचं ठरलं. मी बसलो, किल्ली फिरवली. घर्र घर्र घर्र!

“आता काय झालं?” मी घाबरून मागे बघितलं.

“पिशवी!” सातही जण एकदम ओरडले. उतरताना मी सवयीने नॉब ओढला होता आणि तिच्या सवयीने त्यावर पिशवी अडकवली होती.

व्हॅन मी अजून विकलेली नाही. निखिलला सांगितलंय, गाडीत काहीही बिघाड नाही. फक्त जे काम शुभा एकटी न बोलता करायची, त्यासाठी मला आता सात माणसं लागतात.