कोरडी गादी

गाद्यांच्या दुकानातल्या त्या सेल्समनला सगळे झोपमास्तर म्हणत. नाव कोणी पाडलं कोण जाणे, पण चिकटलं ते कायमचं. गिऱ्हाइकाला आधी झोपायला शिकवायचं आणि मगच गादी दाखवायची, हा त्यांचा खाक्या. लोक दुकानात आडवे होतात ते फोटो काढून घ्यायला आल्यासारखे, हात पोटावर, नजर छताला. मास्तर वैतागत. "साहेब, घरी असे झोपता का? बूट काढा, कुशीवर वळा. लाजताय काय, आम्ही काही बघत नाही!" असं म्हणून ते टक लावून बघत उभे राहत.

मग परीक्षा. माणूस पाठीवर झोपला की त्याच्या कमरेखाली तळहात सरकवायचा. हात सुळकन आरपार गेला तर गादी फार कडक. मुळीच शिरला नाही तर फार मऊ. थोडा अडत अडत गेला, की ती गादी त्या माणसाची. त्यानंतर पैसे देऊन गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत उपदेश चालू: अधूनमधून चादर काढून वारा लागू द्या, काही महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करा, पोरांना वर नाचू देऊ नका. आणि शेवटी बोट वर करून, "एक लक्षात ठेवा, डाग पडला की गॅरंटी गेली." कंपनीचा नियमच होता तो. फोम खचो नाहीतर शिवण उसवो, गादीवर डाग दिसला की कंपनी हात वर करायची. मास्तरांनी हे वाक्य जन्मभर इतकं घोकलं होतं, की बायकोलाही ते पाठ झालं होतं. कधी जेवताना त्यांनी सदऱ्यावर आमटी सांडली की ती म्हणायची, "गेली गॅरंटी!"

स्वतःच्या घरी मात्र दोघं गाठी गाठी झालेल्या जुन्या कापसाच्या गादीवर झोपत. मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, यात नवी गादी राहून गेली ती गेलीच.

गेल्या वर्षी बायकोला अर्धांगाचा झटका आला. हलका आहे, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना हलकाच. तिचा डावा पाय ओढत राहिला आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतची चार पावलं भिंत धरून टाकायला तिला फार वेळ लागू लागला. मास्तरांनी तिला गाडीत घालून दुकानात आणलं. ती सगळ्यांसमोर आडवं व्हायला लाजत होती, पण मास्तरांनी ऐकलं नाही. एका गादीवरून उठवून दुसऱ्या गादीवर, पाठीवर, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर. तिच्या कमरेखाली त्यांनी हात सरकवला तेव्हा मालकसुद्धा हातातलं काम सोडून बघत होते. शेवटी दुकानातली सगळ्यात चांगली गादी तिच्या पाठीला लागली. मास्तरांचा आनंद गगनात मावेना. इतकी वर्षं लोकांच्या झोपेची सोय लावली, आता घरच्या माणसाची लावली, असं ते दिसेल त्याला सांगत सुटले.

नवी गादी येऊन आठवडाही झाला नसेल, एका सकाळी बायको बाथरूमपर्यंत पोचू शकली नाही. फार काही नाही, तळहाताएवढी ओल. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, फडक्याने ओल टिपली, खायचा सोडा भुरभुरला, गादी भिंतीला उभी करून पंखा लावला. डाग पडला नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. सवयीने फक्त एवढंच म्हणाले, "थोडक्यात वाचलो. डाग पडला की गॅरंटी गेली."

ती खुर्चीत मान खाली घालून बसली होती. या वेळी ती हसली नाही.

मग मास्तरांनी चादरीखाली रबराची चादर घातली. तिच्या पाठीवर घामाने पुरळ उठलं. लंगोटासारखं काही बांधायचं म्हटलं तर तिने साफ नकार दिला. "मी काय तान्हं बाळ आहे?" शेवटी रबर काढून टाकताना मास्तर मोठ्या मनाने म्हणाले, "राहू दे. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

माणूस प्रेमापोटी काय काय बोलून बसतो! या विश्वासाचं ओझं त्या बिचारीच्या अंगावर पडलं. रोज सकाळी मास्तर चादर उचलून तिच्या बाजूला तळहात फिरवत, दुकानात फिरवतात तसाच, वरून खाली. ती त्या हाताकडे बघत पडून असायची. "कोरडी ठणठणीत! शाब्बास," असं म्हणून ते तिच्या खांद्यावर थोपटत आणि कामाला निघत. जाताना तिच्या उशाशी पाण्याने भरलेली बाटली ठेवत. संध्याकाळी बाटली रिकामी असे. सगळं कसं छान चाललंय, असं त्यांना वाटे.

छान काहीच चाललं नव्हतं. तिचे ओठ फुटले, बोलणं जड झालं, एकदा ती मास्तरांनाच "भाऊ" म्हणाली. पुन्हा झटका आला की काय, अशी मास्तरांना भीती वाटली. त्यातच सणसणून ताप भरला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, तपासण्या केल्या आणि बाहेर येऊन विचारलं, "या पाणी पितात का?"

"रोज बाटली संपवते," मास्तर म्हणाले.

"शक्यच नाही. शरीर कोरडं पडलंय यांचं. लघवीला जंतुसंसर्ग झालाय. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती. असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी वाचवता येणार नाही."

तिचे कपडे आणायला मास्तर घरी आले. पलंगाजवळच्या खिडकीत मुलीने लावलेलं शोभेचं रोप होतं, त्याची पानं पिवळी पडून गळाली होती. ऊन कमी पडलं असेल म्हणून त्यांनी कुंडी हलवली, तर मातीचा नुसता चिखल. खालच्या ताटलीत पाणी तुडुंब साचलेलं, मुळं कुजून वास सुटलेला. मास्तर कुंडीकडे बघत राहिले, मग उशाशी पडलेल्या रिकाम्या बाटलीकडे, मग गादीकडे. गादी काल आणल्यासारखी कोरी होती. रोजची बाटली कुठे रिकामी होत होती, ते त्यांना समजलं. रोज सकाळी आपण शाब्बास कशाला म्हणत होतो, हे त्यांना आठवलं आणि स्वतःची किळस आली.

बायको दवाखान्यातून घरी आली. मुलगी मदतीला येऊन राहिली होती. तिने आईला समजावलं, मास्तरांनी हात जोडले, "डाग पडू दे, काही होत नाही," असं हजारदा सांगून झालं. ती मान डोलवायची आणि एक घोट घेऊन पेला खाली ठेवायची. "प्यायले ना आत्ता." तासाभराने पुन्हा तेच. ओठ पुन्हा फुटायला लागले. जन्मभर घोकलेलं वाक्य तिच्या कानात इतकं मुरलं होतं, की त्यावर मास्तरांची कोणतीही विनवणी चालेना.

संध्याकाळी मुलीने दोघांना चहा आणून दिला. मास्तर पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी चादर मागे सारली, गादीच्या मधोमध बघितलं आणि आपला कप उपडा केला.

"अहो! वेड लागलंय का तुम्हाला?" ती किंचाळली आणि उशीच्या खोळीने चहा पुसायला लागली. मास्तरांनी तिचा हात धरला. दोघांच्या देखत चहा पसरला, शिवणीपर्यंत पोचला, कडेने गडद झाला. चहाचा डाग निघत नाही, हे मास्तरांइतकं कुणाला माहीत होतं?

"गेली गॅरंटी," ते म्हणाले. "मी पाडला डाग. आता राखायला काही उरलं नाही. पी."

पाण्याचा पेला त्यांनी तिच्या ओठांना लावला. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग प्यायली. थांबून, श्वास घेऊन, पण सगळा प्यायली. मुलगी दारात उभी राहून रडत होती.

सकाळी जाग आली तेव्हा मास्तरांचा हात सवयीने चादरीखाली गेला. गादी ओली होती. बायको जागी होती आणि नेहमीसारखी त्यांच्या हाताकडे बघत होती.

"शाब्बास," मास्तर म्हणाले, आणि तिला उठवायला त्या ओल्या जागेवरच जाऊन बसले.