मुद्दाम करते म्हणे

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून सांगितलं, "हुशार आहे हो, पण मुद्दाम करते. अर्धं गणित सोडवते अन् खिडकीबाहेर बघत बसते. कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर आधी घरी रोज सांगायची, "मी मुद्दाम नाही करत." हल्ली म्हणायला लागली होती, "मी खराबच आहो." एवढ्याशा जिवानं स्वतःबद्दल हे ठरवून टाकलं, तर पुढे काय, याचीच मला धास्ती.

आम्ही शहराला लागून असलेल्या वाडी गावात राहतो. नवरा ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल मोजतो. तिथे दर पोत्याला भिंतीवर खडूची रेघ ओढतात. या शहाण्यानं तेच घरच्या दारावर सुरू केलं. पेन्सिल हरवली, ओढ रेघ. दूध सांडलं, ओढ रेघ. आठवडाभरात दार भरलं, आणि पोर दाराकडे पाठ करून जेवायला लागली.

"लेकरू काय सिमेंटचं पोतं आहे का हो?" मी भांडले.

"मंग काय करू, तूच सांग," तो म्हणाला.

शेवटी मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी बरंच विचारलं, पोरीला तपासलं, मग समजावलं. मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत डोपामिनसारखं रसायन सोडते, दुसरी ते झेलते, तेव्हा निरोप पोचतो. मग उरलेलं रसायन पहिली पेशी परत ओढून घेते. ज्यांचं लक्ष टिकत नाही अशा मुलांमध्ये हा निरोप कुठेतरी कमजोर पडत असावा. औषध त्या रसायनाला फटीत जरा जास्त वेळ थांबवतं.

"म्हणजे माल पुरता उतरायच्या आधीच गाडी वापस?" नवऱ्यानं विचारलं.

"ढोबळमानानं तसंच समजा. सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही. पण ती मुद्दाम करत नाही, हे नक्की."

घरी आल्यावर त्यानं पोरीला समोर बसवलं, दोन वाट्या मांडल्या, आणि या वाटीतले फुटाणे त्या वाटीत टाकत समजावू लागला. मध्येच रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. ती खिडकीकडे पळाली, परत आली. तो चिडला नाही. सुटलं होतं तिथून पुन्हा सांगू लागला.

"मंग मी मुद्दाम नाही करत ना, बाबा?"

"नाही वं माय. आमालेच समजलं नाही."

"मी तं तुमाले रोजच सांगून राहिली होती," ती म्हणाली.