भरलेले हंडे

नव्वदच्या दशकात नाशिक जिल्ह्यातल्या पेठकडच्या एका पाड्यावर मी शाळेत शिकवत होते. राहायला एका मावशींच्या घराची पडवी होती. त्या चैत्रात मावशींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच आठवड्यात विहिरीनं तळ गाठला. हातपंप नुसताच खडखडायचा. पाणी उरलं होतं ते दरीतल्या झऱ्याला, तेही करंगळीएवढ्या धारेचं. टँकर मिळाला तरच बाळंतपण इथं होणार होतं.

अशात कळलं की टँकर द्यायचा की नाही हे ठरवायला तालुक्याहून साहेब पाहणीला येणार. म्हटलं, बघू देत एकदा डोळ्यांनी. पण बायकांनी भलतंच मनावर घेतलं. पाहुणे येणार म्हणून पहाटेच दरीत उतरल्या, हंडे राखेनं घासून लख्ख केले आणि दारोदारी काठोकाठ भरून ठेवले. मी चिडले. "मावशी, पालथे घाला ते हंडे! टंचाई दिसायला नको त्यांना?"

"बाई, दारी आलेल्या मानसाला पानी नाय म्हनू? आमची काय अब्रू ऱ्हाईल?"

मी माझा हंडा मुद्दाम पालथा घालून शाळेत गेले. मधल्या सुट्टीत येऊन बघते तर तोही भरलेला. मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून मावशींनी त्यांच्यातलं ओतलं होतं! आता यांच्यावर रागावणार तरी कसं?

साहेब तसे भले गृहस्थ. विहीर आहे? आहे. हातपंप? आहे. घरात साठा? त्यांनी वाकून पाहिलं, तांब्याभर पाणी प्यायले, गोड आहे म्हणाले.

"साहेब, हे आणलं कुठून ते विचारा ना," मी म्हटलं.

"बाई, तो प्रश्न या फॉर्ममध्ये नाही," ते शांतपणे म्हणाले.

पुढे दोन हजारनंतर नाशिकला प्रशिक्षणात आम्हाला शाश्वत विकासाचे निर्देशक शिकवले. विहीर-पंप असलेली गावं हिरव्या रंगात दाखवणारे नकाशे बघून बाकीचे माना डोलवत होते, मला मात्र ती दरीची चढण आठवून संताप येत होता. विहीर असणं वेगळं, विहिरीत पाणी असणं वेगळं, हे त्या हिरव्या रंगात कुठंच दिसत नव्हतं.

त्या चैत्रात टँकर नामंजूरच झाला. अवघडलेल्या लेकीला मावशींनी बैलगाडीत बसवून सासरी परत धाडलं, तिथं नदीला पाणी होतं. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, सायबानं आपल्या पाड्याचं काय लिवलं?"

"पाणी भरपूर आहे, असं."

"म्हंजी चांगलंच लिवलं," त्या म्हणाल्या, आणि दारातच बसून रडायला लागल्या.