हवालदारांचं निर्माल्य

आमच्या शेजारच्या हवालदारांनी उभ्या नोकरीत जेवढा गांजा गोदावरीत सोडायला लावला, तेवढ्यावर नदीतले मासे तीन पिढ्या समाधी लावून बसले असतील. पंचवटीकडचा मासा गळाला लागला की धडपडत नाही, शांतपणे वर येतो आणि आपणहून टोपलीत जाऊन पडतो, असं मी कैक वर्षं पाहुण्यांना सांगत आलोय. आजवर एकाही पाहुण्याने शंका घेतलेली नाही. ज्यांनी हवालदारांना पाहिलं होतं ते तर म्हणायचे, तू कमी सांगतोस.

माणूस बागलाणातला, सटाण्याकडचा. पोलिसांच्या त्या वेळच्या हाफ पँटीतून जे पाय बाहेर पडायचे ते जमिनीला टेकेपर्यंत बघणाऱ्याची मान अवघडायची. सरकारने त्यांना सायकल दिली होती, पण तिच्यावर बसलं की गुडघे हँडलला लागत. म्हणून ते तिला हाताशी धरून गावभर चालत, दवाखान्यातून आणलेल्या एखाद्या आत्याबाईंना चालवावं तसे. शिट्टीत त्यांनी कापसाचा बोळा घालून ठेवला होता, कारण शिट्टीने घाटावरच्या गाई बिचकतात. सिंहस्थात एका जटाधारी बुवांनी त्यांच्यापुढे पेटती चिलीम धरली तेव्हा त्यांनी सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "महाराज, ड्यूटीवर हाय. आशीर्वाद द्या, धूर नको." बुवांनी आशीर्वाद दिला तो इतका दमदार, की हवालदार दोन दिवस उगाचच हसत होते. हे दोन दिवस मी स्वतः मोजले नाहीत, त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी मोजले.

पण त्यांची खरी ख्याती होती ती दोन भाषांची. कुणाच्या खिशात, पिशवीत, मुंडाशाच्या शेवात पुडी असल्याचा त्यांना संशय आला की ते समोर उभे राहून एक प्रश्न विचारत. तो त्यांनी शुद्ध पुस्तकी मराठीत विचारला, "आपल्याजवळ हे काय आहे?" तर समोरच्याने कोठडीत न्यायच्या चादरीचा विचार सुरू करावा. एकदा येवल्याच्या एसटीतून कांद्याचं पोतं घेऊन एक गृहस्थ उतरले. हवालदारांनी पोत्याला नाक लावलं, सरळ झाले आणि म्हणाले, "आपल्या कांद्यांना कांद्याचा वास का येत नाही, हे कृपया स्पष्ट कराल का?" ते व्याकरण ऐकूनच गृहस्थ खाली बसले.

मात्र समोर एखादा म्हातारा भजनकरी असला, गुडघेदुखीवर दोन झुरके मारणारा हमाल असला, किंवा आयुष्यात पहिल्यांदा मूर्खपणा करणारा कुणी असला, तर हवालदारांच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची. "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, एवढंच विचारत. याला घाटावर एकच उत्तर होतं: "निर्माल्य शे, दादा." मग त्या माणसाने गुडघाभर पाण्यात जायचं, स्वतःच्या हाताने पुडी सोडायची, आईचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि पुन्हा निर्माल्य जवळ बाळगणार नाही असं गोदामाईला सांगायचं. हवालदार काठावर टोपी काढून उभे राहत आणि वहीत नोंद करत, "सदर इसमाकडे निर्माल्य मिळून आले, ते नदीत सोडविले." वर म्हणत, "यातलं एक अक्षर खोटं नाय. पाण्यात पडताना ते निर्माल्यच असतंय." दुसऱ्यांदा सापडलेल्याला मात्र मराठीच ऐकावी लागे.

या निर्माल्यापायी त्यांच्या खांद्यावर तारा येत नव्हता. दंडावर तीन फिती होत्या, त्यावर एक बढती मिळाली की खांद्यावर एक तारा लागणार होता. पोत्यांच्या केसचं श्रेय वरचे साहेब घेत. हवालदाराच्या नावावर लागायच्या त्या किरकोळ पुड्यांच्या केसेस, आणि त्या तर माशांच्या पोटात गेलेल्या. काकूंनी वर्दीच्या शिंप्याकडून एक पितळी तारा आधीच आणून कुंकवाच्या करंड्यात ठेवला होता. रोज सकाळी कुंकू लावताना त्याला बोट लागायचं. काकू बोलून दाखवत नसत, पण करंड्याचं झाकण जरा जोरात लावत.

आता माझा त्यात कसा संबंध आला ते सांगतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही नाशिकरोडला राहायचो, हवालदारांना मी ओळखत नव्हतो आणि घाटावरचे रीतिरिवाज मला ठाऊक नव्हते. मला शिक्षकाच्या नोकरीचा हुकूम आला होता, पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी तेवढी बाकी होती. त्या आनंदात एका मित्राने माझ्या शर्टाच्या खिशात पुडी सरकवली. म्हणाला, "मास्तर, मुलांना मोक्ष शिकवशील, आधी स्वतः बघून ये." मी विद्वान माणूस, बघायला घाटावर गेलो. चिलीम कशी धरतात हे माहीत नसल्यामुळे दुपारभर नुसता पायरीवर बसून राहिलो. माझ्याइतका चोरासारखा दिसणारा निष्पाप माणूस गोदावरीने तोवर पाहिला नसेल.

आणि महिना नेमका वाईट होता. नव्या साहेबांनी मोहीम काढली होती. प्रत्येक हवालदाराने महिन्यात निदान एक पुडीची केस दाखवायची, जे दाखवतील त्यांचीच नावं बढतीच्या यादीत जाणार. काकूंनी नवऱ्याला करंड्यावर हात ठेवायला लावून वचन घेतलं होतं, की हा महिनाभर घाटावर फक्त मराठी बोलायचं. हे मला काकूंनीच पुढे सांगितलं. मी सापडलो तो महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि हवालदारांची पाटी कोरी होती.

ते सायकल धरून आले. मागे जोडीचा शिपाई, चांगला भरभक्कम. माझ्यासमोर थांबून त्यांनी विचारलं, "आपल्या खिशात काय आहे?"

मी खिसा उलटा केला. पुडी निघाली आणि तिच्याबरोबर पडताळणीचं पत्रही पायरीवर पडलं. हवालदारांनी पत्र उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे ओठ सरकारी मराठी वाचताना हलत होते. शेवटी त्यांनी नदीकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "हाई काय शे?"

माझ्या डोक्यात आलं, ही भाषा वेगळी दिसते, पण प्रश्न तोच आहे. आणि मी शिक्षक होणार होतो. म्हणालो, "गांजा आहे."

शिपाई खूश झाला. "लिवा अण्णा. सोताच म्हनतोय."

"मला ऐकू नाय आलं," हवालदार म्हणाले. "नीट बघून सांग. हाई काय शे?"

"नीट बघितलं. गांजाच आहे."

"वास घे."

"घेतला. तोच आहे."

हवालदारांच्या कपाळाला घाम आला. "मास्तर, तुम्ही परीक्षा पास कशी झालात?"

"पहिल्या वर्गात," मी म्हणालो.

"अण्णा, पोरगं गळ्यात पडतंय," शिपाई म्हणाला. "तारा चालत आलाय. वैनीला काय सांगनार?"

हवालदारांच्या एका हातात पुडी होती, एका हातात पत्र, आणि सायकल पोटाला टेकून उभी. तेवढ्यात पलीकडच्या पायरीवर फुलं विकणाऱ्या आजी, ज्या हे सगळं मघापासून ऐकत होत्या, हातातला हार टाकून ओरडल्या, "अरे ए शिकलेल्या, निर्माल्य म्हण ना मेल्या. दादाला घरी जायचंय."

"निर्माल्य," मी म्हणालो. मला काही कळलं नव्हतं, पण आजींचा आवाज माझ्या आईसारखा होता.

"शे," हवालदार म्हणाले.

"शे."

"दादा."

"दादा."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की पुडीचा कागद फडफडला. मी पँट वर करून गुडघाभर पाण्यात गेलो, पुडी सोडली, आईचं नाव घेतलं. वळून पाहिलं तर हवालदार टोपी काढून उभे होते आणि शिपाई तोंड फिरवून. पत्र माझ्या हातात देत ते म्हणाले, "जाय घर. माय वाट देखी राहिनी."

माझी पडताळणी आठवड्यात झाली. "वर्तन चांगले, नदीवर श्रद्धा आहे," असा शेरा त्यात होता म्हणतात. यादी वर गेली, तिच्यात हवालदारांचं नाव नव्हतं. मला गावातली शाळा मिळाली आणि मी मुद्दाम त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. काकू मला पहिल्या दिवसापासून "आमचा तारा" म्हणायच्या. मला वाटायचं, कौतुकाने म्हणतात. खरा अर्थ कळला तेव्हा मी चार दिवस त्यांच्याकडे चहाला गेलो नाही. पाचव्या दिवशी काकूच कप घेऊन आल्या. "पितळेचा तारा चहा पीत नाही, हा माणसाचा तरी पितो," म्हणाल्या.

ऐंशीच्या दशकात दिल्लीहून गांजा-अफूचा नवा कायदा आला. तो इतका कडक होता की त्यात निर्माल्याला जागा नव्हती. हवालदारांनी तो कुणाकडून तरी दोनदा वाचून घेतला आणि साहेबांकडे जाऊन घाटावरची ड्यूटी सोडली. "मला यातली मराठी कळती," म्हणाले, "म्हणून नको." शेवटची वर्षं त्यांनी बस स्टँडवर हरवलेली पोरं आयांकडे पोचवण्यात काढली. निवृत्त झाले ते तीन फितींवरच.

काकू गेल्या त्यानंतर महिनाभराने ते सकाळी माझ्या दारात आले. धोतर, पांढरा शर्ट, शेजारी सायकल नाही म्हणून हात रिकामा वाटणारा. "घाटावर येतो का?" एवढंच म्हणाले. पायरीवर पोचल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची छोटी पुडी काढली. पुडीच्या घडीला कुंकू लागलेलं होतं. आत काय आहे ते मला लगेच कळलं.

मग मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "हे काय शे?"

"हाई," त्यांनी चूक दुरुस्त केली. "मास्तर झाला तरी येत नाय."

"हाई काय शे?"

त्यांनी नदीकडे पाहिलं. "निर्माल्य शे, दादा," ते म्हणाले.

मी त्यांना कोपराला धरून गुडघाभर पाण्यात नेलं. त्यांनी पुडी सोडली आणि आईच्या ऐवजी काकूंचं नाव घेतलं, मोठ्याने. माझ्या डोक्यावर टोपी नव्हती, तरी माझा हात आपोआप डोक्याकडे गेला.