एसटीतली माणसं हसली

आमच्या भारूड पार्टीत आम्ही पाचजण. त्यातला सोंगाड्या गेला आणि चारजण उरलो, म्हणजे काहीच उरलं नाही. ढोलकी काय, कुणीही बडवतो. टाळ तर शेंबडं पोरगंही धरतं. पण हा बाबा लुगडं नेसून, कपाळभर कुंकू फासून, हातात फुटकं सूप घेऊन लोकांतून उठून यायचा आणि नुसता उभा राहायचा, तेवढ्यावर माणसं पोट धरायची. स्वतः मात्र कधी हसला नाही. गावात त्याचं किराणा दुकान होतं. गूळ तोलताना जो चेहरा, तोच भारुडात. मी त्याचा झिलकरी. तो बोलायचा आणि मी मध्येमध्ये "बरं मग?" म्हणायचो. कैक वर्षं मी एवढंच केलं आणि मला आपलं वाटायचं, लोक आम्हा दोघांना हसतात.

त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हे सोंग डोळ्यांपुढं नको असायचं. तो त्यांचंच जुनेरं नेसायचा ना! "गावानं माझं लुगडं बघून दात काढायचे, अन् मी तेच धुऊन वाळत घालायचं?" असं म्हणून त्या भांडायच्या. भांडायच्या आणि धुवायच्या. भारूड बघायला मात्र एकदाही आल्या नाहीत.

तो गेला त्या साली लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला, आणि पावसानं तोंड फिरवलं. नवे कलेक्टर आले, विहिरी तळाला गेल्या. सोंगाड्यानं लगेच त्यावर सोंग रचलं. लातूर नावाची सून सासूपासून वेगळी निघते, वाटणीत तिला खुर्ची मिळते आणि घागर सासूकडंच राहते. दुकानात बसल्या बसल्या त्यानं मला ते ऐकवलं, मी हसून हसून बेजार झालो. "यात्रेत काढू," म्हणाला.

यात्रा यायच्या आधीच तळाचं गढूळ पाणी पिऊन गावात हगवण लागली. दोन दिवसांत सोंगाड्याचं चिपाड झालं आणि तो गेला.

तो लिंगायत. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, फुलांनी सजवलेल्या पालखीसारख्या विमानात मांडी घालून बसवतात, भजन म्हणत नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. भजनाला आम्हीच चौघं होतो. वहिनी आणि बाकीच्या बायका वेशीपासून माघारी फिरल्या. आम्ही सडकेला लागलो, तोच समोरून मुखेडची एसटी आली आणि आम्हाला वाट द्यायला थांबली.

मुखेडला आमचं भारूड दर साली व्हायचं. त्या लोकांना काय मयतीची रीत ठाऊक नव्हती? होती की. पण त्याला बघितलं की आधी हसायचं, ही सवय पडलेली. खिडकीतून एकजण ओरडला, "आरं, सोंग आलं बघा!" आणि अर्धी गाडी हसली. टाळ्या पिटल्या. तो वर फुलांत तसाच बसलेला, गूळ तोलतानाचा चेहरा करून. मग कुणाला तरी मान सावरायला बांधलेलं फडकं दिसलं असावं. भराभर टोप्या उतरल्या.

मला असा संताप आला, की वाटलं धोंडा उचलावा आणि त्या गाडीच्या काचा फोडाव्यात. आम्ही चौघांनी तिथंच ठरवलं, वहिनींच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही. ढोलकी आढ्याला टांगली आणि पार्टी बंद.

यात्रा आली तशी गावातली माणसं मागं लागली. "त्याच्या नावानं तरी काढा," म्हणाली. लुगडं नेसणार कोण? नेसलो मीच, माझ्या बायकोचं. ढोलकीवाला झिलकरी झाला. सून, सासू, खुर्ची, घागर, सगळं त्याच्याच शब्दांत म्हटलं. कुणी हूं की चूं केलं नाही. पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बस कर की लेकरा आता." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आता ही पार्टी पुन्हा उभी राहत नाही, हे दिसूनच राहिलं होतं.

ढोलकीवाल्यानं बिचाऱ्यानं विचारलं, "बरं मग?"

"मग काय! मुखेडची एसटी आली," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. मग थांबताच येईना. तो विमानात कसा बसला, गाडी कशी हसली, सगळं ओकलो. बाईच्या आवाजात त्याला शिव्या घातल्या, "मुडद्या, मेलास तरी लोकांम्होरं बसायची हौस फिटंना व्हय रं तुझी!" एकजण फिसकन हसला, मग सगळी यात्रा. मी पदर तोंडाला लावून रडत होतो, आणि लोकांना वाटलं तेही सोंगच.

डोळे पुसून पाहिलं तर बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी उठून चाललं होतं. वहिनी होत्या. जन्मात पहिल्यांदा भारूड बघायला आलेल्या.

सकाळी त्या दारात उभ्या. हातात गाठोडं.

"एसटीतले खरंच हसले?"

"हाव, वहिनी."

"लई?"

"लई. टाळ्या बी वाजवल्या."

"अन् त्ये?"

"त्ये तसंच बसल्यालं. दुकानात बसायचं तसं."

त्यांनी तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या. हसता हसता पायरीवर बसल्या आणि मग मात्र असा हंबरडा फोडला, की शेजारच्या बायका धावत आल्या.

शांत झाल्यावर त्यांनी गाठोडं सोडलं. हिरवंगार लुगडं, घडीसुद्धा न मोडलेलं.

"जुनेऱ्यावरून जन्मभर भांडले मी त्येंच्याशी," वहिनी म्हणाल्या. "हे नवं हाय. मला आता हिरवं चालत न्हाई. तुम्ही नेसा, भाऊजी. धुवायला मात्र माझ्याकडंच टाका."

मी ते नेसून मुखेडला उभा राहिलो, मग हदगावलाही. कुठं हसले, कुठं नाही हसले. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं. तरी दर भारुडानंतर ते हिरवं लुगडं वहिनींच्या दारात धुऊन वाळत घातलेलं असायचं.