नऊ दिवसांचे महिने किती

आमच्या कौंटीतल्या एखाद्या पंपाने पेट्रोल चमचाभर कमी दिलं तर वर्लिन स्टकीच्या पोटात दुखतं, असं लोक म्हणायचे. वर्लिन वजनमापांचा सरकारी निरीक्षक. पाच गॅलनचं माप आणि पितळी वजनांची पेटी गाडीत टाकून त्याने सव्वीस वर्षं ओहायोचा हा सपाट, मक्याने भरलेला मुलूख पालथा घातला. एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या पंपाला लाल पट्टी लावून बंद केलं आणि ठरल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जेवायला गेला. मेव्हण्याने वाढलं, पण "बटाटे मोजून घे रे बाबा, नाहीतर घरालाही पट्टी लावशील," असं म्हणून. चर्चच्या सहभोजनात केक कापायला बायका सुरी त्याच्याच हातात द्यायच्या. तुकडे इतके सारखे पडत, की पोरांना भांडायला जागाच उरत नसे.

असा माणूस कराचा फॉर्म दुसऱ्याकडून कशाला भरून घेईल? दरवर्षी फेब्रुवारीचा पहिला शनिवार, स्वयंपाकघरातलं टेबल आणि टोक काढलेली पेन्सिल. समोर त्याची एकुलती एक मुलगी लोर्ना, कॉर्नफ्लेक्सचा बाऊल घेऊन.

"बाबा, फॉर्मवर यंदाही मी तुमच्यावर अवलंबून का?"

"सतरा पूर्ण होईपर्यंत सरकार तुझ्यासाठी मला घसघशीत सूट देतं. मग तू नुसतीच महाग."

"माझ्या जिवावर सूट मिळवता आणि मला आठवड्याला दहा डॉलर? मी तक्रार करीन तुमच्या खात्यात."

"कर. निरीक्षक मीच येईन."

मूल तुमच्या घरी किती महिने राहिलं, असा एक रकाना असतो. एका वर्षी लोर्ना दहा दिवस बास्केटबॉलच्या शिबिराला गेली होती, तर ते दहा दिवस वजा करायचे का, म्हणून वर्लिनने नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. शिबिराला गेलेलं मूल घरीच आहे असं धरतात, हे पांढऱ्यावर काळं दिसलं तेव्हाच त्याने बारा लिहिलं. त्याच्या बायकोने, डार्लाने, ही गोष्ट वर्षभर सगळ्यांना सांगितली.

मागच्या वर्षी नऊ जानेवारीला शाळेत सराव करताना लोर्ना खाली बसली, ती उठलीच नाही. हृदयात जन्मापासूनची बारीक खोट होती, कोणाच्याच मापात न आलेली. सोळा वर्षांची होती.

यंदा फेब्रुवारीचा पहिला शनिवार आला आणि गेला. मार्चही गेला. मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा वर्लिन भरलेला फॉर्म घेऊन लायब्ररीत आला. तिथे निवृत्त मंडळी लोकांचे फॉर्म फुकट तपासून देतात. डार्ला गाडीतच बसली. मान तिरकी करून "कशी आहेस गं?" विचारणारी माणसं जिथे भेटतील तिथे जाणं तिने सोडलं होतं.

टेबलामागे आर्डिथबाई होत्या. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या. वर्लिनलाही त्यांनीच शिकवलं आणि लोर्नालाही.

"आठवीत तू भर वर्गात माझी चूक काढली होतीस," कागद वाचता वाचता त्या म्हणाल्या. "आज तुझी सापडली."

"कुठे, बाई?"

"लोर्नाचं नाव नाही."

वर्लिनने हातातली टोपी फिरवली. "ती नव्हती ना, बाई."

"नऊ दिवस होती."

"महिने विचारतात, तेही पूर्ण आकड्यात. नऊ दिवस म्हणजे शून्य पूर्णांक तीन. अर्ध्याच्या खाली असलं की सोडून द्यायचं, तुम्हीच शिकवलंत. शून्य येतं." तो थांबला. "तिचं नाव लिहायचं आणि पुढे शून्य. मला नाही जमलं. मग नावच नाही लिहिलं."

आर्डिथबाईंनी पुस्तक ओढलं, चष्मा सरळ केला आणि बोट ठेवून हळू वाचलं. मूल ज्या वर्षी जन्मलं किंवा वारलं, त्या वर्षी ते जिवंत असेपर्यंत त्याचं घर तुमचंच होतं, तर ते वर्षभर तुमच्याकडे राहिलं असं धरावं. बारा लिहावं.

"हे खोटं आहे," वर्लिन म्हणाला.

"कायदा आहे."

"बाई, तीन औंस मांस देऊन पावतीवर कोणी आठ पौंड लिहिलं, तर मी त्याचं दुकान बंद करतो."

"मग माझं कर. लाव मला लाल पट्टी."

तो सवयीने थोडा हसला. आर्डिथबाई हसल्या नाहीत. पुस्तक मिटून म्हणाल्या, "वर्लिन, पुढच्या वर्षी हा रकानाच तुझ्यासाठी नसेल. कुठल्याही सरकारी कागदावर तुमच्या दोघांच्या खाली तिचं नाव यायचं, ते आता शेवटचं."

वर्लिनने टोपी टेबलावर ठेवली. मग त्याने लोर्नाच्या नावाचं एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली, आणि बाईंनी, जणू कधी ऐकलंच नाही असं, एकेक अक्षर टाइप केलं.

नवराबायकोच्या फॉर्मवर दोघांची सही लागते. छापलेला कागद घेऊन वर्लिन गाडीत येऊन बसला. डार्लाने चष्मा न लावताच नाव वाचलं. मग आकडा.

"बारा?"

"कायदा तसं म्हणतो."

"कायद्याला काय कळतंय?" ती शांतपणे म्हणाली. "तू सांग. तू तर मोजतोस ना सगळं. कुठे होती रे ती बारा महिने?"

आयुष्यात वर्लिनने न तपासलेल्या मापावर शिक्का मारला नव्हता. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले आणि तपासायला घेतलं.

"जानेवारीत होतीच. फेब्रुवारीत दातांच्या डॉक्टरांकडून फोन आला, तार घट्ट करायला आणा म्हणून. मी वेळ घेतली. रद्द करायचं सुचलं नाही." तो विचार करू लागला. "मार्चमध्ये न्हाणीघराच्या मोरीत केस अडकले, लांब. ते मी काढले. फेकले नाहीत, एप्रिलभर पाकिटात होते. मेमध्ये गाडीच्या शिकाऊ परवान्याचं पत्र आलं. उन्हाळाभर तू तिची खिडकी उघडायचीस सकाळी, आणि संध्याकाळी लावायचीस. ऑगस्टमध्ये मी शाळेच्या वह्या घेऊन आलो, दुकानात स्वस्त होत्या, आणि गाडीत बसल्यावर कळलं."

"त्या कुठे आहेत?"

"माझ्या वजनांच्या पेटीखाली."

सप्टेंबर आणि ऑक्टोबरही त्याने असेच मोजून दिले. डार्लाने कागद मांडीवर सरळ केला.

"नोव्हेंबरात सणाच्या टर्कीची तंगडी मी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली," तो म्हणाला. "दोन दिवस फ्रिजमध्ये होती." मग तो बोटांवर पुन्हा मोजू लागला. "डिसेंबर मला सापडत नाही, डार्ला. मी खूप शोधला."

"डिसेंबर माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

काय आहे ते तिने सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. तिने गाडीच्या खणातून पेन काढलं, गुडघ्यावर कागद धरला आणि सही केली.