तळाचं रान, वरचं रान

“बोल की बिनधास्त. तिला कुठं कळतंय? इंग्लिश शाळेतली हाय ती.”

काका काकूला सांगत होते, माझ्याबद्दल. मी त्यांच्या पाठीमागेच, कडब्याच्या कोपीला टेकून पत्रावळी पुसत बसले होते. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या होती. त्या दिवशी आमच्या लातूर भागात कुणी घरी जेवत नाही; सगळे शेतात, पाहुण्यारावळ्यांसकट. आम्हीही दरवर्षीसारखे ओढ्याकाठी, काकांच्या तळाच्या रानात आलो होतो.

काकूनं आवाज खाली आणला, तरी ऐकू आलंच. “पण त्यांचं वरचं खडकाळ रान घेऊन करायचं काय?”

“अगं, लातूरच्या क्लासवाल्याला होस्टेल बांधायचंय. त्याला मुरूमच पायजे. आपल्या काळीत पाया घालायचा म्हंजी पैसा गाडायचा. जेवणं झाली की धाकट्याला म्हणतो, अदलाबदल करू. त्याला क्लासवाल्याचं ठावं न्हाई. हाव म्हणतंय ते, भोळं हाय.”

ते भोळं म्हणजे माझे बाबा.

मी पत्रावळी पुसत राहिले. राग आला नाही. खरं सांगायचं तर आनंद झाला. इतक्या वर्षांत काकांनी पहिल्यांदाच माझ्या हाती काहीतरी दिलं होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव वाचलं. पण बाबा शेजारच्या गावांत ढिगारे उपसायला गेले आणि परत आले ते गप्प होऊन. तेव्हा मी जन्मले नव्हते, आईकडून ऐकलंय. कितीतरी दिवस ते छताखाली झोपत नसत, कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवत. त्याच दिवसांत काकांनी वाटणी उरकली. तळाचं काळं रान थोरल्याला, माळाकडचं वरचं धाकट्याला. बाबांनी मान हलवली.

पुढं बाबा लातुरात, क्लासच्या नोट्स छापणाऱ्या दुकानात कामाला लागले आणि ते वरचं रान आईनं केलं. ती दरवर्षी खडे वेचायची, नांगरलं की दरवर्षी नवे वर यायचे. काका बांधावरून विचारायचे, “काय बाई, दगडाला कणसं लागली का?” मला अजून तो आवाज पाठ आहे.

क्लास करूनही माझं मेडिकल हुकलं आणि मी कृषी महाविद्यालयात गेले. मातीचे थर पाहायला दोन्ही रानांत खड्डे घेतले, तेव्हा काका चारचौघांत म्हणाले, “डाक्टरीन व्हायची होती, आता उंदरावानी बिळं उकरायलीय.” सगळे हसले. मी नेहमीसारखी गप्प. माझं मराठी इंग्रजी शाळेनं पुस्तकी करून ठेवलेलं. तोंड उघडलं की चुलतभाऊ नक्कल करायचे.

पण खड्डे मी नीट पाहिले होते. दोन्ही रानांखाली खडक एकच, काळा बेसॉल्ट. ऊन-पावसानं तो तडकतो, सडतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. फक्त उतारावर तयार झालेली माती उतारावर टिकत नाही. दर पावसाळ्यात तिच्यातलं बारीक तेवढं ओढ्याकडे वाहून जातं. वर पातळ थर उरतो आणि लगेच मुरूम. तळाशी काळी साचत जाते. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसून फाटते. उन्हाळ्यात तिच्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत जातो. ज्वारीला हिच्यासारखी दुसरी माती नाही. भिंत मात्र तिच्यावर तडकते. आणि आमच्याकडे भूकंपानंतर मुलीला स्थळ पाहतानासुद्धा लोक आधी घराचा पाया विचारतात.

जेवणं झाली. आंबिलीचं दुसरं गाडगं फिरत होतं. गावातली वडीलधारी मंडळी, पाहुणे, सगळे बसलेले. काकांनी मिशा पुसल्या.

“धाकट्या, तुझी बायकू दगड वेचून म्हातारी झाली. मला बघवत न्हाई आता. हे तळाचं घे तू. वरचं ऱ्हाऊ दे मला.”

“दादा…” बाबांचे डोळे भरून आले.

“भाऊ असावा तर असा!” कुणीतरी म्हणालं.

आईनं शेजारचं काळं ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडलं. तिचा चेहरा पाहून मी डगमगले. तिला हे रान खरंच हवं होतं, आयुष्यभर हवं होतं. शेतीच्या हिशेबानं सौदा वाईट नव्हताच. मी गप्प बसले असते तर पुढच्या सुगीला तिच्या ओटीत टपोरी कणसं पडली असती.

“घे घे,” काका हसत म्हणाले, “दानच समज.”

आईनं हात झटकला आणि पदराला पुसला.

“काका,” मी म्हणाले, “ही माती खोल किती आहे?”

सगळे माझ्याकडे वळले. पाहुण्यांत मी कधी बोलत नाही.

“पुरुषभर!” काका खूश झाले. “खालचा मुरूम कुणी बघितलाच न्हाई.”

“आणि आमच्या वरच्या रानात?”

“तिथं कसली माती, बाई? वीतभर. कुदळ मारली की मुरमावर वाजतीय.”

त्यांनी ते सगळ्यांदेखत, मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. काकूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या हातातला पळा तसाच राहिला. मी आंबिलीचा शेवटचा घोट घेतला, गाडगं खाली ठेवलं.

“मग क्लासवाल्यांचं होस्टेल तुमच्या या काळ्या रानातच बांधायला सांगा, काका. आमचं वरचं रान तुम्हाला मिळणार नाही.”